शिशावरचा ओरखडा

"माहे हात कापले असतीन काय गा, नत्थूजी?"

अकरा वर्षांपूर्वी हा आवाज सदरमधल्या या बंदुकांच्या दुकानात, याच टेबलापाशी उमटला होता. मोठा नव्हता. देवळातून चुकून दुसऱ्याची चप्पल पायात घालून गेलेला माणूस परत येऊन विचारतो, तसा ओशाळा. पण नत्थूजींच्या कानात तो कायमचा बसला. कानस चालवताना यायचा, जेवताना यायचा, कुणी सहज हात पुढे केला तरी यायचा.

आज पुन्हा आला. समोर एक बाई उभी होती आणि तिनं गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी, निजलेलं लेकरू ठेवावं तसं, टेबलावर ठेवलं होतं.

"वळखलं काय, मिस्त्रीदादा? नरखेडकडून आली मी. माह्या घरचे गेले. पोयाच्या आंधीच गेले. पोलीस पाटील म्हणे, लायसन ज्याचं तोच नाही राहिला, आता रायफल घरात ठेवता येत नाही. दुकानात जमा करून या म्हणे."

बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. गोधडीचा पदर बाजूला झाला आणि सागाच्या दस्त्यावरचा तो तिरपा चरा दिसला. तीनशे पंधरा बोअरची बोल्ट रायफल. चंपतरावांची.

"तुम्ही सुभद्राबाई," नत्थूजी म्हणाले.

"हाव."

दुकानाबाहेरच्या बाकावर दुसरी एक बाई पाठमोरी बसली होती. पांढरं कपाळ, मांडीवर पिशवी, मान किंचित वर, नीट दिसत नसलेल्या माणसाची असते तशी.

"माही मोठी जाऊ, गोपिकाबाई," सुभद्रा हळूच म्हणाली. "डोयात मोतीबिंदू हाय. मेडिकलच्या दवाखान्यात दाखवाले आणलं. एका यष्टीत आलो, एका सीटवर बसलो. पण बोलणं नाही आमचं. अकरा वर्सं झाले."

गल्ल्यावर ताराचंदशेठ चष्मा पुसत होते. शिकार बंद झाल्यापासून दुकानावर कळा उरली नव्हती. बँकेच्या पहारेकऱ्यांच्या बंदुका तेवढ्या तेलपाण्याला येत. "नत्थूजी, नंबर मिलाके अंदर रख दो," ते म्हणाले. "पावती बनाता हूँ. बाईंना बस पकडनी होगी."

नत्थूजींनी रायफल हातात घेतली, बोल्ट मागे ओढला आणि आतल्या उतारावरून अंगठ्याचं नख फिरवलं.

ती धार तिथंच होती.

बोल्ट रायफलीचं काम तसं साधं. बोल्ट मागे ओढला की उडालेल्या गोळीचं रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलला की मॅगझिनमधलं वरचं काडतूस एका लहानशा लोखंडी उतारावरून चढतं आणि नळीच्या तोंडात जाऊन बसतं. बोटभर वाट. पण शिकाऱ्याचा जीव त्या बोटभर वाटेवर असतो.

सदुसष्ट साली चंपतराव हीच रायफल घेऊन आले होते. दुसरं काडतूस चढताना अडतं, म्हणाले. संत्र्याच्या बगीच्यात रानडुकरं घुसत होती, मुळं उकरून झाडं आडवी करत होती. नत्थूजींनी मॅगझिनची स्प्रिंग बदलली, काडतूस धरून ठेवणारे त्याचे ओठ चिमटीत घेऊन सरळ केले, उतार कानशीनं घासला. मग नेहमीसारखी परीक्षा. खरी काडतुसं शेठच्या कपाटात कुलपाआड. परीक्षेसाठी नत्थूजींची आपली पाच नकली होती. रिकाम्या पितळी नळ्यांना सागाची टोकं बसवलेली, वीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेली. ती पाचही लोण्यातून सुरी जावी तशी चढली. "घेऊन जा," नत्थूजी म्हणाले. "माह्या हाताखालून गेलेली रायफल अडत नाही."

पण लाकूड टणक असतं आणि खऱ्या गोळीचं शिसं मऊ. कानशीनं उतारावर एक धार ठेवली होती, नखाला लागेल न लागेल एवढीच. लाकडानं ती मानलीच नाही. शिसं तिथं रुतलं.

आठ दिवसांनी तुरीतून डुक्कर निघालं. चंपतरावांचे थोरले भाऊ बाबाराव हाकाट्या देत होते. पहिली गोळी डुकराच्या फऱ्यात बसली आणि ते उलटून बाबारावांवर गेलं. दुसरी गोळी सुटलीच नाही. बाबारावांची मांडी अशी फाटली, की बैलगाडी शेताच्या धुऱ्यावर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

गाव म्हणालं, चंपत्याचे हात भीतीनं कापले. भाऊ मरत होता आणि हा बंदूक धरून खांबासारखा उभा राहिला.

मग चंपतराव रायफल आणि ते अडकलेलं काडतूस घेऊन आले. मीच बोल्ट अर्धा ओढला काय, कापले काय माझे हात, विचारायला आले. नत्थूजींनी काडतुसाकडे एकदा पाहिलं. शिशाच्या टोकावर आडवा ओरखडा होता. त्यांना एका नजरेत कळलं.

शेठ त्या दिवशी दुकानात नव्हते. म्हणजे भीतीचं निमित्तसुद्धा नव्हतं. नत्थूजींनी लाकडी टोकांची पाच काडतुसं भरली आणि पाचही चढवून दाखवली. खट्, खट्, खट्, खट्, खट्.

"रायफलीत दोष नाही," ते म्हणाले.

चंपतरावांनी आपले दोन्ही हात उघडून पाहिले. आधी तळवे, मग पालथे. "मंग हातच," म्हणाले. ते काडतूस टेबलावरच राहिलं. ते गेल्यावर नत्थूजींनी ते हत्याराच्या पेटीत तळाशी ठेवलं. टाकवेना आणि पाहवेना. पुढे एकदा शेठनं ते पाहून विचारलं, तेव्हा त्यांना तेवढं सांगितलं, आणखी कुणालाच नाही.

"रायफल एकदा पाहून सांगता काय, दादा?" सुभद्रा म्हणत होती. "मले यातलं काही समजत नाही. पण ते गेले त्याच्या आदल्या दिवशी पाणी मांगतलं. गिलास हातात राहिना. मले म्हणे, पाह्य वं, हात कसे कापून राहिले. तवाही असेच कापले असतीन." तिनं पदरानं ओठ दाबले. "अकरा वर्सं त्याइनं धड घास नाही घेतला. आमची भिंत एक. पल्याड जाऊबाई पहाटे जात्यावर बसत आन् गात. रोज तेच."

"काय गात?"

सुभद्रानं बाहेर पाहिलं. मग गायलं नाही, नुसतं म्हटलं,

"बंदूक भरली वं बाई, हात रिकामा राह्यला,
थोरला भाऊ त्यानं उभ्यानं पडताना पाह्यला.

हे भिताडाले तोंड करून आयकत. म्यां म्हटलं, दुसऱ्या खोलीत झोपा. तं म्हणे, आयकू दे. माह्यासाठीच गाऊन राहिली थे."

नत्थूजी उठले. हत्याराची पेटी उघडली. कानशी, पेचकस, चिंध्या बाजूला सारल्या.

"अरे, क्या ढूँढ रहे हो?" ताराचंदशेठनं चष्मा चढवला. नत्थूजींच्या मुठीत काय आहे ते दिसलं आणि ते गल्ल्यावरून अर्धे उठले. "नत्थूजी. पुरानी बात है. आदमी चला गया. दुकानचं नाव हाय, तुमचं बी नाव हाय."

"नावच सांभाळलं ना, शेठ," नत्थूजी म्हणाले. "चला सुभद्राबाई, बाहेर चला."

बाहेर ऊन टळटळत होतं. एक सायकलरिक्षा घंटी वाजवत गेली. नत्थूजी बाकासमोर चक्क जमिनीवर बसले. साठीच्या माणसाचे गुडघे कुरकुरले.

"कोन हाय?" गोपिकाबाईंनी मान तिरपी केली.

"मी रायफलीचा मिस्त्री, बाई. हात द्या जरा."

हात पुढे आला. चाळीस वर्षं जातं फिरवलेला, खुंट्याच्या घट्ट्यांचा हात. नत्थूजींनी त्यात काडतूस ठेवलं आणि त्यांचा अंगठा धरून शिशाच्या टोकावर नेला.

"लागते काही?"

"खाच हाय."

"तुमचे मालक गेले त्या दिवशी हेच काडतूस अडकलं. आत लोखंडाले धार राहिली होती. माह्या कानशीनं राहिली, बाई. चंपतरावचे हात नव्हते कापले. ते माह्याकडे विचाराले आले होते. मले समजलं होतं, तरी म्यां म्हटलं, रायफल चांगली हाय. माह्या कारागिरीले नाव ठेवतीन लोक, म्हणून."

सुभद्रा भिंतीला टेकली.

"हे त्याइले काहून नाही सांगतलं हो? एक पोस्टकार्ड टाकलं असतं."

नत्थूजींनी मान खाली घातली.

सुभद्रा शिव्या देईल असं त्यांना वाटलं होतं. गोपिकाबाई देतील असं तर नक्कीच वाटलं होतं. पण त्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिल्या. पुढे, मागे. जात्यात दाण्यांची वैरण घालताना बोटं फिरतात, तशा लयीत. मग अंगठा थांबला.

"सुभद्रे," त्या म्हणाल्या.

अकरा वर्षांत पहिल्यांदा आलेली ती हाक ऐकून सुभद्रा भिंतीपासून सुटली.

"शिदोरी घेऊन मी धुऱ्यावरच होती वं. तूर उंच, काही दिसत नव्हतं. पह्यला बार आयकू आला. आन् मंग खट्. खट्. खट्." काडतुसाची मूठ त्यांनी छातीशी धरली. "तीन डाव वाजला तो खटका. भाऊजी वढतच होते. गाण्यातल्यावाणी उभे नव्हते राह्यले. म्यां आपल्या कानानं आयकलं होतं, सुभद्रे, पह्यल्या दिवसापासून मले माहीत होतं."