दातांच्या दवाखान्यातलं तळं

दातांच्या दवाखान्यात हसू ऐकू येणं तसं कठीणच. आत जाणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो आणि बाहेर येणाऱ्याचा अर्धा गाल बधिर असतो. या दोघांच्या मधोमध, दाराजवळच्या टेबलाशी, ताई गेली एकोणीस वर्षं बसत होत्या. नावं लिहून घ्यायची, फोन उचलायचा आणि "काही दुखत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त" हे वाक्य दिवसातून पंधरा वेळा म्हणायचं. डॉक्टर त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होत्या. कामाला वाघ, पण हसणं त्यांनी बहुधा शिक्षण संपताना परत करून टाकलं होतं. तरी त्याही ताईंना ताईच म्हणत.

वरच्या मजल्यावरचं कुटुंब घर बदलून गेलं आणि जाताना दोन फुटी काचेची एक टाकी जिन्यात ठेवून गेलं. "हवी तर घ्या, नाहीतर कचऱ्यात जाईल." ताईंनी ती उचलून आत आणली तेव्हा त्यांना स्वतःलाच कळलं नाही, आपण असं का करतोय.

"काय करणार हिचं?" डॉक्टरांनी दारातून विचारलं.

"पाणी भरायचं. झाडं लावायची. बसलेल्या लोकांचं लक्ष जरा दुखण्यावरून उडेल."

"बरं. पण मला त्यातलं काही विचारायचं नाही."

चौकातल्या मत्स्यालयाच्या दुकानात एक जाडजूड बाई बसायची. तिच्या बोलण्यात माणसांपेक्षा माशांबद्दल आदर जास्त. ताईंनी सगळा बेत सांगितला, तसं तिने पहिलाच प्रश्न टाकला, "घाई आहे का?"

"नाही."

"मग जमेल. आधी खाली माती, वर बारीक वाळू. झाडं लावा, दिवा आठ तास, एक मिनिट जास्त नाही. आणि महिनाभर आत जिवंत काही सोडायचं नाही. पाणी पिकावं लागतं."

"पाणी पिकतं?"

"पिकतं तर! कोवळ्या पाण्यात जीव टाकलात तर तो गेलाच म्हणून समजा. घाण खाणारे बारीक जीव आधी वसायला हवेत, ते डोळ्यांना दिसत नाहीत. थेंब टाकून रंग बघायची बाटली देते, ती सांगेल कधी पिकलं ते."

ताई लाकडाचा एक वाकडा ओंडका, लांब पात्यांची झाडं, गवताच्या चार चकत्या, नेच्याचं एक रोप आणि एक डबी शेवाळ घेऊन परतल्या. शेवाळ विकत घेतलं हे त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही. जावेने वर्षभर चघळलं असतं.

लावणी सुरू झाली आणि लगेच फसली. ताईंची बोटं जाड. गवताची एक काडी वाळूत खोचावी तर शेजारच्या तीन वर येऊन तरंगायच्या. कोपरापर्यंत ओल्या होऊन त्या अर्धा तास झुंजल्या. डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये बाहेर आल्या, क्षणभर पाहत राहिल्या आणि आत गेल्या. परत आल्या त्या हातात एक लांब, टोकाला वाकलेला नवाकोरा चिमटा घेऊन.

"सरका," त्या म्हणाल्या.

आणि बघता बघता त्यांनी एकेक काडी अशी रोवली की जणू कुणाच्या जबड्यात दात बसवतायत. कोन तिरका, खोली बरोबर, चिमटा बाहेर काढताना हळूच बाजूला. मागच्या कोपऱ्यातलं दिसेना तर तोंडात घालायचा एक नवा छोटा आरसा पाण्यात बुडवला. शेवाळ ओंडक्यावर बांधायला टाके घालायचा धागा आणला आणि अशी गाठ मारली की सुटायचं नाव नको.

"नेच्याची मुळं मातीत पुरू नका हं," ताई भीत भीत म्हणाल्या. "कुजतात, असं बाई म्हणाल्या."

"मला काही विचारायचं नाही म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाल्या, आणि नेच्याला लाकडावर दोन टाके घातले.

त्या दिवशी तिघा पेशंटांना पंधरा पंधरा मिनिटं थांबावं लागलं. एकानेही तक्रार केली नाही. सगळे टाकीभोवती उभे होते.

त्या तिघांत उद्याकाका होते. हे नाव त्यांना ताईंनीच ठेवलेलं. आगीच्या बंबावर तीस वर्षं काढलेला माणूस. जळत्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून त्यांनी एकदा म्हातारी आणि तिचं शिवणयंत्र दोन्ही खाली आणली होती. पण खालची अक्कलदाढ काढायची म्हटलं की त्यांची नजर दाराकडे वळे. सात महिने ते वेळ ठरवून येत, खुर्चीत बसत, नाव पुकारलं की उठत आणि "ताई, आज नको, उद्या येतो" म्हणून पसार होत. आता मात्र ते रोज येऊ लागले. दाढेसाठी नव्हे. पाण्यासाठी.

"नळाचं पाणी तसंच ओतू नका," पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताबा घेतला. "एक दिवस बादलीत उभं राहू द्या. आणि तांब्याने काय काढताय? नळी द्या इकडे." नळीचं एक टोक टाकीत, दुसरं खालच्या बादलीत, मध्ये अंगठ्याची एक चलाखी, आणि तळचा गाळ सुळकन बादलीत. तीस वर्षांत पाण्याने त्यांचं एवढं मुकाट्याने कधी ऐकलं नव्हतं, असं ते स्वतःच म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात झाडं विरघळायला लागली. पानं आधी काचेसारखी पातळ झाली, मग चिंध्या. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारची सुट्टी होताच त्या चौकात धावल्या.

"मेली!" दारातूनच त्या म्हणाल्या.

"कोण?"

"सगळी!"

दुकानदारीण बाईने शांतपणे विचारलं, "मुळं बघितली?"

"नाही."

"मग कशाला रडता? हवेत वाढलेली पानं आहेत ती, पाण्यात टिकत नाहीत. जुनी जाणार, नवी येणार. कुजकी कापून काढा आणि गप्प बसा."

गप्प बसणं ताईंना जन्मात जमलं नव्हतं, पण त्यांनी कापून काढली. चार दिवसांनी सकाळी दिवा लागला तेव्हा लांब पात्यांच्या बुडाशी एक हिरवं टोक दिसलं. तांदळाएवढं. ताई इतक्या जोरात किंचाळल्या की आतल्या खुर्चीतला पेशंट तोंडातल्या नळीसकट उठून बसला.

"काय झालं?" डॉक्टर हातमोज्यांनिशी बाहेर.

"पान आलं!"

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. मग आरसा लावून पाहिलं. मग आतल्या पेशंटला हाक मारली, "या, तुम्हीपण बघून घ्या."

त्यानंतर दवाखान्याची घडीच विसकटली. लोक वेळेआधी अर्धा तास येऊ लागले. "मासे कुठायत?" असं प्रत्येक नवा माणूस विचारायचा आणि जुने पेशंट त्याच्यावर तुटून पडायचे, "पाणी पिकतंय अजून!" एका दुपारी पाणी बदलल्यावर पानापानावर बारीक बुडबुडे धरले, चांदीचे मणी ओवल्यासारखे, आणि एकेक सुटून वर जाऊ लागला. खोलीत आठ माणसं होती, आठही माना बुडबुड्यांबरोबर वर गेल्या. ताईंना वाटलं आपणही सुटून छताला लागणार. फोन वाजून वाजून थांबला.

संकट आलं तेही प्रेमापोटीच. टाकीची काच हिरवी व्हायला लागली, पात्यांवर केसांसारखे धागे लोंबू लागले. विकत आणलं होतं ते शेवाळ, आणि फुकट आलं तेही शेवाळ. पैशाचं रांगत होतं, फुकटचं दौडत होतं. ताईंनी दिवा आपोआप लावणारं-विझवणारं घड्याळ तपासलं. आठ तासांचे अकरा झालेले. कुणाला विचारावं? उद्याकाकांनी 'मी नाही' म्हणून छातीवर हात ठेवला. मग डॉक्टर खाकरल्या.

"सकाळी लवकर येते ना मी," त्या फरशीकडे पाहत म्हणाल्या. "आणि संध्याकाळी... हिशेब, कागद वगैरे करताना. अंधारात चांगलं नाही वाटत ते."

"डॉक्टर!" ताईंनी कमरेवर हात ठेवले. एकोणीस वर्षांत त्या या स्वरात पहिल्यांदाच बोलल्या. "आठ म्हणजे आठ!"

"सॉरी ताई," डॉक्टर म्हणाल्या. आणि चक्क हसल्या. वरचे सगळे दात दिसले. सुरेख होते, दातांच्या डॉक्टरला शोभतील असे.

दिवा पुन्हा आठ तासांवर आला, धागे चिमट्याने गुंडाळून काढले, आणि पंधरा दिवसांत पाणी असं निवळलं की टाकीत पाणी आहे की नाही याची शंका यावी. बाटलीतल्या थेंबांनी हवा तो रंग दाखवला. मत्स्यालयवाल्या बाईने मासे दिलेच नाहीत. "एवढ्याशा टाकीत यांना सोडा," म्हणून तिने दहा लाल कोळंब्या दिल्या, नखाएवढ्या. त्या पाण्यात सोडल्या तशा शेवाळावर बसल्या आणि इवल्या हातांनी भराभरा खायला लागल्या, मुकादम बघत असल्यासारख्या.

तिसऱ्या दिवशी उद्याकाका मान खाली घालून टेबलाशी आले. "ताई, एक गेली."

वाळूवर पारदर्शक, निपचित देह पडला होता. ताईंनी तोंडावर हात ठेवला. डॉक्टर चिमटा घेऊन आल्या, अलगद उचललं, उजेडात धरलं.

"ही पोकळ आहे," त्या म्हणाल्या.

उद्याकाकांनी पुन्हा मोजल्या. दहा. अकराव्यांदा मोजल्या. दहाच. कोळंबीने नुसती कात टाकली होती आणि ती नव्या कपड्यांत ओंडक्यामागे बसली होती. उद्याकाकांनी मुकाट्याने डोळे पुसले आणि "जंतुनाशकाचा वास फार आहे इथं" असं म्हणाले.

मग एकीच्या पोटाखाली अंडी दिसली. पिवळसर दाण्यांचा घोस, आणि ती त्यांना सारखी वारा घालत होती. दवाखाना नुसता हवेत. डॉक्टरांनी संधी साधली.

"काका, एक करू. पिल्लं होतील त्या दिवशी तुमची दाढ काढायची. कबूल?"

उद्याकाकांनी टाकीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. "किती दिवस लागतात?"

"तीन-चार आठवडे," ताई म्हणाल्या.

"कबूल," काका म्हणाले. तीन आठवडे म्हणजे त्यांच्या हिशेबाने एक जन्म होता.

रोज सकाळी ते येऊन गुडघ्यांवर बसत आणि नाक काचेला लावत. चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी ताई एका बाईंचं नाव लिहून घेत होत्या, तेवढ्यात त्यांना जाणवलं की काका फार वेळ गप्प आहेत. त्यांनी मान वळवली. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गाल फुगलेले, ओठ गच्च मिटलेले, कान लाल. दुसऱ्या कुणाला अजून दिसलं नव्हतं. आईचं पोट रिकामं होतं, आणि शेवाळाच्या पानोपानी, पापणीच्या केसाएवढे, आरपार दिसणारे जीव रांगत होते. एक अवाक्षर काढलं नसतं तर दाढ आणखी दोन दिवस सहज वाचली असती. त्यांनी श्वास रोखला. दहापर्यंत मोजलंही असेल. मग बंबावरच्या माणसाचा तो आवाज फुटला, चौथ्या मजल्यापर्यंत पोचणारा.

"झाली! ताई, झाली! डॉक्टर! अहो, पिल्लं झाली!"

आतून डॉक्टर, मागून गळ्यात रुमाल बांधलेला पेशंट, रस्त्यावरून पोस्टमन, सगळे धावले. "हे एक! तिथं दुसरं! अहो हलू नका, तुमची सावली पडतेय!" कुणी सतरा म्हणालं, कुणी तीस. नाव लिहायला आलेल्या बाईंनी ताईंना मिठीच मारली. आपण कुणाला मिठी मारतोय हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"काका," डॉक्टर म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले. उभे राहिले, सदरा नीट केला, आणि स्वतःच्या पायांनी आत गेले. त्या आनंदात भीती कुठेतरी सांडून गेली असावी. वीस मिनिटांनी ते कापूस चावत बाहेर आले, हातात डबीत दाढ, आणि थेट टाकीशी.

"बावी," ते म्हणाले.

"काय?"

"बावी! बावी!" त्यांनी दोन बोटं दाखवली, पुन्हा दोन बोटं.

"बावीस!" डॉक्टर ओरडल्या, आणि काकांच्या सुजलेल्या तोंडाकडे बघून त्यांना हसू आवरेना. ताईंचा बांध फुटला. त्या हसता हसता भिंतीला टेकून खाली बसल्या, काका त्यांच्या शेजारी, आणि डॉक्टरही पांढऱ्या कोटासकट फरशीवर. तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी बसल्याबसल्या हात वर करून तो ओढून घेतला.

"हॅलो, बोला! बावीस झाली!"

पलीकडून एका अनोळखी बाईचा दबका आवाज आला, "दातांचा दवाखाना ना? माझी दाढ फार ठणकतेय हो... बावीस काय झाली?"

"पिल्लं!"

"अगं बाई! कुणाला?"

"आम्हाला!" ताई म्हणाल्या. "तुम्ही आत्ताच या. दाढ नंतर बघू."