पुमापाताचं फाटक

ऑगस्ट लागला की आम्ही पुमापाताच्या डोंगरावर चढतो. जुन्या इंका राजांनी रचलेल्या तिथल्या भिंतींपाशी झरा आहे. तिथं धरणीला कोकाची पानं आणि मक्याची दारू वाहिल्याशिवाय आमच्या गावात कुणी बटाटा लावत नाही.

त्या वर्षी वर पोचलो तर वाटेवर तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, भलंमोठं कुलूप. पलीकडे गणवेशातला एलेउतेरियो, आमच्याच गावचा.

"मावशी, आता परवानगी लागते," तो सातुर्निनामावशीला म्हणाला. ही माझ्या नवऱ्याची मावशी; दुखरा गुडघा दाबत सगळ्यांच्या पुढं चढली होती.

"कुणाची?"

"जिल्ह्याच्या कचेरीची. मी तरी काय करू?"

"तुझी आई तुला पाठीशी बांधून इथं आणायची, तेव्हा कुणाला विचारायची रे?"

बायका हसल्या. एलेउतेरियोनं टोपी खाली ओढली. "किल्ली कचेरीतच आहे. मीसुद्धा कुंपणावरून उडी मारून येतो-जातो. तुम्हीही या. मी बघितलं नाही म्हणेन."

मावशी दगडावर टेकली. "आपल्याच दारात चोरासारखं शिरायचं? मी नाही येणार."

मग तिनं फाटक न्याहाळलं. कुलपानं जोडलेली त्याची दोन्ही दारं खांबांच्या खुंट्यांवर नुसती अडकवलेली होती. तिनं पुरुषांकडे पाहिलं. चौघांनी खांदा लावून ते उचललं, कुलपासकट.

"माझी नोकरी जाईल, मावशी."

"गेली तर माझ्या शेतावर ये. पण आता बाजूला हो."

तो बाजूला झाला. आम्ही आत जाऊन पानं वाहिली, दारू शिंपडली, धुनी पेटवली.

दुसऱ्या दिवशी फाटक लामांवर, आमच्या ओझ्याच्या जनावरांवर, लादता येईना, म्हणून माणसांनीच आळीपाळीनं खाली वाहून नेलं आणि कचेरीच्या अंगणात ठेवलं. साहेब बाहेर आला. "हे कुणी मोडलं?"

"मोडलं नाही. कुलूप बघा, तसंच आहे," मावशी म्हणाली. "तुमची वस्तू आमच्या वाटेत पडली होती. आणून दिली."

"खटला होईल, आजी."

"होऊ दे. सातुर्निना कोल्के. नाव नीट लिहा."

खटला झाला, अजून चालूच आहे. तारीख असली की अख्खं गाव कोर्टात जातं. बायका उकडलेले बटाटे नेतात, आणि साक्षीला कोण येणार असं विचारलं की सगळेच उभे राहतात.