गॅसच्या खांबांपाशी

हरीश मूळचा उरणचा. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला येऊन सहा वर्षं झाली, तरी सुपरमार्केटमधला मासा त्याला गोड लागत नसे. मे महिन्यात एका सकाळी तो आणि त्याची बायको मृणालिनी डेन हेल्डर बंदरातून भाड्याची छोटी बोट घेऊन समुद्रात गेले. समुद्रातून गॅस काढणाऱ्या जुन्या प्लॅटफॉर्मच्या खांबांभोवती सी-बास मासे जमतात, असं त्याने ऐकलं होतं.

"आपल्या जिताड्याचाच भाऊ," तो म्हणाला.

पाचशे मीटरच्या आत जायला बंदी होती, म्हणून ते बाहेरच थांबले. दुसरा मासा लागला तो बोटीखालून पळाला आणि गळाची दोरी इंजिनाच्या पंख्यात गुंतली. इंजिन बंद पडलं. ओहोटी बोटीला खांबांकडे नेऊ लागली.

दोरी कापायला हरीश मागच्या कडेवरून वाकला. लाट आली आणि तो पाण्यात पडला.

लाइफ जॅकेटमुळे तो तरंगत होता, पण पाणी भयंकर गार. मृणालिनीने त्याला ओढून पाहिलं. ब्याऐंशी किलोंचा माणूस. कोपरापर्यंत वर यायचा, पुन्हा घसरायचा. शेवटी तिने त्याच्या काखेतून दोर घेऊन बोटीच्या कडीला बांधला आणि रेडिओवर मदत मागितली. "वीस मिनिटं," पलीकडचा माणूस म्हणाला.

तिने हरीशची कॉलर घट्ट धरली. "बोलत राहा. आईंचं कालवण कसं करतात?"

"लसूण ठेचायचा... चिंच..." थोड्या वेळाने त्याने पुन्हा लसूणच सांगितला. मग नुसते ओठ हलले.

शिंपल्यांनी माखलेला खांब आता अगदी जवळ आला. बोट आदळली असती, तर मधे हरीश चिरडला असता. एका हाताने वल्हं रेटवेना. तिने कॉलर सोडली, दोन्ही हातांनी वल्हं खांबाला लावलं आणि सगळा जीव एकवटून ढकललं. बोट वळली. तेवढ्यात मान लटकून हरीशचं तोंड पाण्याखाली गेलं होतं. किती वेळ, ते तिला कळलं नाही.

मदतीची बोट आली तेव्हा तो बेशुद्ध होता.

तो वाचला. पाचव्या दिवशी घरी आला. त्याला लसणापुढचं काहीच आठवत नव्हतं.

महिनाभर ती नीट झोपली नाही. मग एका दुपारी तो पलंगावर पडला असताना म्हणाली, "मी तुला सोडलं होतं, हरीश. हाताने."

तिने सगळं सांगितलं. तो कडेला सरकला आणि तिला शेजारी जागा करून दिली.