दोऱ्याने बांधलेला माझा कान

बोलणं हाच माझा धंदा, पण जन्मभर बोललो ते दुसऱ्यांचं. आज जरा माझं ऐका. मी मास्तरांच्या शिलाईच्या दुकानातला रेडिओ. कारखान्यातून निघालो तेव्हा काय ऐट होती माझी! आता एक पाय मोडलाय, त्याखाली रिकामं रीळ सारलंय. असो.

पूर्वी एका स्टेशनवर अशी गाणी लागायची, की मास्तरांचा पाय आपोआप मशीनवर ताल धरायचा. संथ गाण्याला कोटाची बाही, चढत्या गाण्याला पडद्याची लांब शिवण. काटा हलू नये म्हणून त्यांनी माझ्या कानाला, म्हणजे स्टेशन बदलायच्या बटणाला, काळा दोरा गुंडाळून गाठ मारली. "आता हलायचं नाही हं!" म्हणाले. मी तीस वर्षं हललो नाही.

स्टेशन मात्र हललं. मालक बदलला आणि गाण्यांचा पार बोऱ्या वाजला. एकच गाणं दिवसातून नऊ वेळा. शब्द चार, त्यातले दोन 'ओ ओ'. ठोके असे, की माझ्या जाळीतली धूळ उडते. जरा रंग भरतोय तोवर निवेदक किंचाळतो आणि गाद्यांची जाहिरात सुरू! लाज वाटते हो. गळे चांगले असतील त्यांचे, पण त्यांना श्वास तरी घेऊ द्या की! आणि माणसांची गंमत बघा, "बंद करा ते" म्हणणारं गिऱ्हाईक बाहेर पडताना तेच गुणगुणत जातं.

परवा तर कहर झाला. मुख्याध्यापिकाबाईंचा कोट शिवायला होता, निवृत्तीच्या समारंभासाठी. त्या धडधडीबरोबर मास्तरांचा पाय सुटला तो सुटलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कोट घालून पाहिला, तर डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे!

"मास्तर, हा पुढून घालायचा की मागून?" बाई म्हणाल्या. "समारंभ उद्या आहे हो."

बाई गेल्या आणि काजं करणाऱ्या काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, उसळल्या. "अहो, चार वाजता भंगारवाला येतोय. हे डबडं द्या त्याला!"

"अगं, त्याचा काय दोष?"

"मग काय माझा?"

मास्तर बाह्या उसवायची कात्री घेऊन माझ्याकडे आले. म्हटलं, संपलं, आता वायर कापणार.

त्यांनी दोरा कापला.

तीस वर्षांनी कान पिळला, बरं का! खरखर झाली, बातम्या आल्या, बाजारभाव आले. मग पार टोकाला, बारीक आवाजात, कुणी मुलगी गात होती. कुठल्याशा कॉलेजचं छोटंसं केंद्र. गाणं नवंकोरं, मीही कधी न ऐकलेलं. दोन ओळींमध्ये ती चक्क थांबत होती.

काकूंची सुई थबकली. "कोण हो ही?"

"कुणास ठाऊक. पण माझा पाय बघ."

पाय कसा डौलात चालला होता! चारच्या आत बाह्या आपापल्या जागी बसल्या. भंगारवाला आला, तर काकूंनी त्याला मोडकी इस्त्री देऊन वाटेला लावलं.

"पुन्हा बांधू का हो याचा कान?" त्यांनी विचारलं.

"नको. राहू दे मोकळा."

मग त्याच काळ्या दोऱ्याने मास्तरांनी कोटाचं शेवटचं बटण लावलं. बाई तो घालून मंचावर गेल्या. आता सांगा, माझी छाती फुगणार नाही?

तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला फेकण्याआधी एकदा त्याचा कान पिळून बघा. तेवढं कराच. आम्ही आपणहून नाही हो हलू शकत.