शिलाईच्या माळ्यावरचा पंखा

मी माळ्यावरचा पंखा बोलतोय. छताला लटकून वारा घालणाऱ्यांपैकी मी नाही. मी भिंतीतल्या भोकात बसतो आणि आतली तापलेली हवा बाहेर फेकतो. दिसायला ओबडधोबड असलो तरी अंगात ताकद आहे.

मला विकत आणलं एका वायरमनने, बायकोसाठी. ती पत्र्याखालच्या माळ्यावर शिलाई मशीन चालवायची. उन्हाळ्यात तिथे पाय ठेववत नसे. मला पाहून ती लहान मुलीसारखी हरखली.

"कधी बसवताय?"

"या रविवारी. दीड तासाचं तर काम आहे!"

तो रविवार काही उजाडला नाही. कुणी हाक मारली की हा पेटी उचलून निघालाच. घरच्या कामाला मात्र मुहूर्त लागेना. तीन उन्हाळे मी खोक्यातच राहिलो. खोकं मजबूत, म्हणून ती त्यावर बसून काजं-बटणं करू लागली. तिला गारवा द्यायला आलेला मी, तिचं स्टूल झालो! कधी ती खोक्यावर थाप मारून विचारायची, "काय रे, झोप झाली का?" मला फार लाज वाटायची.

नवऱ्याला ती टोमणे मारायची, पण हसत. "लोकांच्या घरी वायरमन, आपल्या घरी पाहुणा!" तो कान पकडायचा आणि पुन्हा रविवारचं नाव घ्यायचा. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. आपलं माणूस थांबेल, असं तो धरून चालला होता.

तिसऱ्या उन्हाळ्यात शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. एका दुपारी ती खोक्यावर बसल्याबसल्याच कलंडली. लेक पाणी घेऊन वर आली, तेव्हा आईचं अंग तव्यासारखं तापलं होतं. तिला दवाखान्यात नेलं. तिथून ती परत आली नाही.

आठवड्याने वायरमनने मला खोक्यातून काढलं. भिंत फोडली, चौकट बसवली, वायर ओढली. लेक जिन्यातून म्हणाली, "आता कुणासाठी, बाबा?" तो माझे स्क्रू पिळत राहिला. काम दीड तासातच झालं.

तेव्हापासून लेक त्याच्याशी बोलत नाही. ताट वाढून झाकून ठेवते आणि आपल्या खोलीत जाते. तो रोज दुपारी ताट घेऊन वर येतो, मला चालू करतो आणि बंद मशीनसमोर बसून राहतो. मी जीव तोडून फिरतो. माळा आता चांगला गार असतो.

पोरी, माझी घरघर तुला खाली ऐकू येते ना? तुझा राग खरा आहे. मलाही त्याचा राग येतो. पण रिकामं ताट पाहून तुला वाटतं, बाबा जेवले. तो सगळं अन्न खिडकीतून पाखरांना घालतो ग. मी रोज बघतो, आणि मला कुणाला सांगता येत नाही.

एकदा वर ये. मला बंद कर, आणि त्याला हाताला धरून खाली ने.