न संपणाऱ्या धारा

"दोन नंबरचा हात अडकलाय," केल्विन म्हणाला.

त्याच्या छातीवर वायरी लावायचं काम चाललं होतं. नर्सला वाटलं, तो स्वतःच्याच हाताबद्दल बोलतोय. तिनं त्याचा डावा हात उचलला, बोटं हलवायला सांगितली.

"त्याचा नाही हो," मी म्हणाले. "रोबोचा. आमच्याकडे गाईंच्या धारा रोबो काढतात. एखाद्याचा हात अडकला की याचा फोन वाजतो."

"आत्ता?"

"केव्हाही."

नर्सनं फोन त्याच्या मुठीतून सोडवला, त्याच्याच जॅकेटच्या खिशात घातला आणि जॅकेट खुर्चीवर टाकलं. केल्विननं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच त्याला पकडून दिलं होतं.

त्या सकाळी पोरांना शाळेत सोडून, बस लावून मी सव्वानऊला घरी आले, तर हा कपडे धुण्याच्या खोलीत गुडघ्यांवर बसलेला. हात छातीवर, चेहरा घामानं भिजलेला. "रॉझ, श्वासच घेता येत नाहीये," एवढंच बोलला. त्याचे वडील एकसष्टाव्या वर्षी गोठ्याच्या दारात असेच छाती धरून गेले होते. केल्विन अठ्ठावन्न वर्षांचा. स्मिथटनपासून बर्नीच्या हॉस्पिटलपर्यंत मी अँब्युलन्सच्या मागे गाडी चालवली आणि वाटभर फक्त तिचे मागचे दिवे पाहिले. बाजूला समुद्र होता, पण त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टर थिलिनी आमच्या मुलीच्या वयाच्या. तीन तासांनी त्या कागद घेऊन आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"रक्त दोनदा तपासलं. तुमचं हृदय उत्तम आहे."

मी पलंगाची कड धरली. केल्विन मात्र भांडायला उठल्यासारखा म्हणाला, "मग मला झालंय काय?"

"झोप लागते?"

"लागते. तुटते."

"काम फार असतं?"

"कामच नसतं हो!" तो म्हणाला. "पूर्वी असायचं. पहाटे पाचला धारा, दुपारी तीनला धारा. एकशे वीस गाई. गुडघे गेले माझे त्यात. आता गाई आपल्या आपण येतात, यंत्र कास धुतं, धार काढतं, सोडून देतं. मी गरम स्वयंपाकघरात सपाता घालून बसतो."

"मग दमता कशानं?"

"तेच तर कळत नाही," तो म्हणाला आणि भिंतीकडे बघायला लागला. "कुणाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? बसून बसून दमलो म्हणून?"

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. चार वर्षांपूर्वी ते रोबो बसवले, तेव्हा पहिला महिनाभर तो येईल त्याला हात धरून गोठ्यात न्यायचा. मग हळूहळू फोन जेवणाच्या टेबलावर आला. मग न्हाणीघरात, साबणाच्या शेजारी. कुठली गाय किती पावलं चालली, किती वेळ रवंथ केलं, सगळं त्यात येई. पूर्वी गाय आजारी पडली की कळायचं. आता पडेल की काय, तेही कळायला लागलं. मी म्हणायचे, वय झालं की माणूस थोडा चिडचिडा होतोच.

तेवढ्यात खुर्चीवरच्या जॅकेटमध्ये फोन घूं घूं करायला लागला.

"थांबा, बोलू नका," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पलंगाजवळचा मॉनिटर केल्विनकडे वळवला. त्यावर त्याची नाडी दिसत होती. मघाशी चौऱ्याहत्तर होती. आम्ही तिघं पाहत असतानाच ती नव्वदवर गेली, शंभरवर गेली, एकशे आठवर जाऊन थांबली. फोन गप्प झाला. नाडीला खाली उतरायला बराच वेळ लागला.

"मघापासून हे सातव्यांदा झालं," त्या म्हणाल्या. "मी बाहेरून मोजत होते."

केल्विन मॉनिटरकडे टक लावून होता. स्वतःचा चोरून काढलेला फोटो हातात पडावा, तसा.

"हे घाबरणं आहे," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "नाटक नाही आणि दुबळेपणाही नाही. तुमचं शरीर दिवसरात्र पहाऱ्याला दारात उभं आहे. त्याला कधीतरी बसू द्या. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा या, आपण नीट बोलू."

त्याला गाडीत बसवून मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून दोन स्कॅलप पाई आणल्या, शिंपल्यांचा रस्सा भरून भाजलेल्या. केल्विननं एक घास घेतला आणि रडायला लागला. तोंडात घास, मिशीवर रस्सा, आणि माणूस हुंदके देतोय.

"मी मरत नाहीये, रॉझ."

"नाही रे."

"मला वाटलं, गेलो बाबांसारखा."

"पाई खा. थंड होतेय."

तो रडता रडता हसला आणि अख्खी पाई संपवून माझ्यातलीही अर्धी घेतली.

पण फोन बंद करून कपाटात ठेवणं आम्हाला शक्य नव्हतं. रोबो थांबला तर गाई तुंबलेल्या कासा घेऊन उभ्या राहतात, कास सुजून दगडी होते, ताप येतो. कुणीतरी जागं राहावंच लागतं. हे 'कुणीतरी' चार वर्षं एकटा केल्विन होता, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी समोरची नोरीन हॉजेट्स आली. तिनं अँब्युलन्स पाहिली होती. नोरीन शहात्तर वर्षांची, केल्विनच्या आईची मैत्रीण. चाळीस वर्षं धारा काढलेली बाई. नवरा केन गेल्यावर तिनं गाई विकल्या. आल्या आल्या तिनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं, मग केल्विनसमोर हात पुढे केला.

"रविवार माझा. आण तो फोन इकडे."

"तुला जमायचं नाही, नोरीन."

"माझा नातू ब्रिस्बेनहून फोनवर माझ्याशी बुद्धिबळ खेळतो. हरतो. न जमायला काय झालं?"

"एखादी गाय लाथ मारेल."

"मारू दे. केन गेल्यापासून मला कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

केल्विनला हसू आलं, पण तो म्हणाला, "मी काही इतका आजारी नाही."

"तू आजारी आहेस म्हणून कोण आलंय? मी दिवसभर खिडकीशी बसून तुझ्या गाई बघते, पोरा. कंटाळा आलाय मला."

केल्विननं मान डोलावली.

रविवारी बाराला तो तिला सगळं समजावून द्यायला बसला. नोरीननं दहा मिनिटं ऐकलं आणि त्याला उठवलं. आम्ही फाटकापर्यंत गेलो, तर टोपी राहिली म्हणून हा परत. मग तीन नंबरच्या गाईबद्दल सांगायचं राहिलं म्हणून पुन्हा परत. गोठ्यातून नोरीनचा आवाज आला, "तिसऱ्यांदा दिसलास तर पाइपनं भिजवीन!"

आम्ही किनाऱ्यावर गेलो. वारा पडला होता. केल्विननं गळ टाकला, काठी वाळूत रोवली आणि शेजारी बसला. दर थोड्या वेळानं त्याचा हात रिकाम्या खिशाकडे जायचा.

"वाजला का?"

"तुझ्याकडे नाहीच तो."

"मांडीला जाणवलं मला."

काठी सरळ करत तो म्हणाला, "बाबा संध्याकाळी गोठा धुवून घ्यायचे, दिवा घालवायचे, आणि बाहेर येऊन मोठ्यानं म्हणायचे, झालं! रोज. मला चार वर्षांत एकदाही म्हणता आलेलं नाही ते."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू पहाटे उठून तीस पोरं घेऊन त्या वळणांवरून बस चालवतेस. मी सपातांत असतो. कुठल्या तोंडानं सांगू?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो आडवा झाला, जरा पाठ टेकतो म्हणाला, आणि बोलता बोलता झोपला. कूस बदलून, गाल वाळूत दाबून, तोंड उघडं टाकून. मी आधी दचकले. वाकून श्वास चालू आहे का ते पाहिलं. चांगला घोरत होता. काठी हलली तेव्हा मीच उठून मासा ओढला. मग दुसरा. भरती चढायला लागली तशी त्याच्या पायांजवळची पिशवी उचलून मागे ठेवली. अडीच तास झाले. पाणी टाचांना लागलं तेव्हा तो उठला आणि आपण कुठे आहोत हे न कळल्यासारखा आजूबाजूला पाहू लागला. मग त्यानं असं काही आळोखेपिळोखे दिले, की दूरवर फिरणारा कुत्रा भुंकायला लागला.

घरी आलो तर नोरीन स्वयंपाकघरात चहा पीत बसलेली, गुडघ्यांपर्यंत भिजलेली.

"काही झालं?" केल्विननं दारातूनच विचारलं.

"दोन नंबर बंद पडला होता."

"मग मला कळवायचं नाही?"

"कसं कळवू? फोन माझ्याकडे."

केल्विन बूट न काढताच आत आला. नोरीन शांतपणे सांगत राहिली. एक पहिलारू गाय नळीवर पाय देऊन उभी राहिली होती. तिला ढकलून बाजूला काढायला वेळ लागला, कारण ती बया नोरीनपेक्षा हट्टी. चाळीस मिनिटं रांग खोळंबली. मग नळी धुतली, बटण दाबलं, यंत्र सुरू झालं.

"आणि गाई?"

"उभ्या होत्या. मी त्यांना केनच्या गोष्टी सांगितल्या."

मला वाटलं, आता हा गोठ्याकडे धावणार. त्याचा चेहरा क्षणभर पडलाही. चाळीस मिनिटं रोबो बंद होता, हा वाळूत घोरत होता, आणि काही म्हणता काही बिघडलं नव्हतं. मग त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. स्वतःसाठी चहा ओतून घेतला.

"गुरुवारी मोकळी असतेस का गं?"

"गुरुवारी माझा क्लबातला खेळ असतो. बुधवारी येईन."

"बुधवार चालेल," केल्विन म्हणाला, आणि तिचा कप पुन्हा भरत, "दर बुधवारी?"

"बघू. तू भीक मागायला लागलास की मला भाव खावासा वाटतो."

मी मासे साफ करून तळले. तिघांनी ब्रेडबरोबर खाल्ले. केल्विन बाजारात पाहिलेल्या कुठल्याशा वळूबद्दल भरभरून बोलत होता. कानापासून हनुवटीपर्यंत त्याच्या गालाला वाळू चिकटलेली होती. नोरीननं ती पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनीही त्याला ती पुसायला सांगितली नाही.