दोन मिनिटांचं काम

"परवानगी घेतली नाही, वायू मोजायचं मीटर घेतलं नाही आणि सरळ खाली उतरला. घाई नडली त्याला." वॉल्व्हच्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून सुपरवायझर नव्या कामगारांना सांगत होता.

निवृत्तीनंतर कंपनी त्याला सुरक्षिततेवर व्याख्यानं द्यायला बोलवायची. तो ज्याच्याविषयी बोलत होता, त्याची बायको हातात पाना घेऊन मागे उभी होती. नवऱ्याच्या जागी ती लागली होती. सगळे तिला वहिनी म्हणत.

इथल्या तेलविहिरी म्हाताऱ्या झालेल्या. एका विहिरीतून कार्बन डायऑक्साइड खाली दाबला, की खडकाला चिकटून बसलेलं तेल पातळ होऊन शेजारच्या विहिरीतून वर यायचं. तेल वाढलं, तशी सुपरवायझरला बढतीही मिळाली. पण हा वायू हवेहून जड. ना रंग, ना वास. गळला की खड्ड्यात पाण्यासारखा साचायचा. तिचा नवरा त्यातच गुदमरला.

नवराच निष्काळजी, असं सासूसुद्धा म्हणायची. वहिनी मुकाट्याने ऐकून घ्यायची. मग एकदा पंपवाल्या काकांना राहवलं नाही. नवऱ्याने मीटर मागितलं होतं, असं त्यांनी तिला सांगितलं. स्टोअर उघडायला वेळ कुठे आहे, दोन मिनिटांचं काम, म्हणत सुपरवायझरनेच त्याला खाली पाठवलं होतं. नोकरीच्या भीतीने काका गप्प राहिले होते. तेव्हापासून वहिनीने डूख धरला.

आज सकाळी तिने मीटर दोरीने खड्ड्यात सोडलं, तर ते ठणाणा वाजायला लागलं. गळती होती. लगेच कळवायला हवं होतं. तिने मीटर वर ओढून बंद केलं आणि तोंडातून ब्रही काढला नाही.

व्याख्यान संपत आलं, तशी ती पुढे झाली. साहेबांनी खाली उतरून वॉल्व्ह दाखवला तर सगळ्यांना नीट कळेल, म्हणाली. त्याने हसून मीटर आणायला सांगितलं.

"स्टोअर उघडायला वेळ कुठे आहे, साहेब? दोन मिनिटांचं काम."

त्याचं हसू मावळलं. पण चारचौघांत माघार कशी घ्यायची? त्याने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय टेकला. वहिनी जागची हलली नाही. तो आणखी खाली गेला असता, तरी तिने हाक मारली नसती.

त्याने पाय मागे घेतला.

"मीटरशिवाय नाही उतरणार. मरायचंय का मला?"

"मग त्याला का उतरवलंत?"

सुपरवायझरने कामगारांच्या मागे उभ्या असलेल्या पंपवाल्या काकांकडे पाहिलं. काकांनी या वेळी नजर चुकवली नाही.

"मी ऐकलं होतं, साहेब," ते म्हणाले. "त्याने मीटर मागितलं होतं."

नवे कामगार एकेक करून काठापासून मागे सरकले. त्यांच्यातला कुणीही आता सुपरवायझरकडे पाहत नव्हता.

वहिनीला वाटलं होतं, आज छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. तिने काकांना गळतीचं सांगून वायूची लाइन बंद करायला पाठवलं आणि खड्ड्याचं लोखंडी झाकण एकटीने ओढायला घेतलं. मदतीला सुपरवायझर वाकला, झाकणाला त्याने हात घातला. ती थांबली. त्याच्याकडे न बघता, तो हात काढून घेईपर्यंत तशीच वाकून थांबली.